शेवटाचे देणे

रहस्यमालिका संपली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, "शेवटपर्यंत काही सांगितलंच नाही." दुसरी, "एवढंच सांगायचं होतं, तर इतका वेळ कशाला घेतला?" गंमत अशी की पुष्कळदा एकच माणूस या दोन्ही तक्रारी एका दमात करतो. उत्तर मिळाले नाही म्हणून तो चिडतो आणि मिळाले ते फिके निघाले म्हणूनही चिडतो. प्रेक्षकाला समजच नाही, असे म्हणून निर्माते हात झटकतात. मला मात्र ही चिडचिड रास्त वाटते. तिच्यामागचे कारण नीट शोधले, तर रहस्यकथेचा शेवट नेमके काय देणे लागतो, हे कळते.

या वादाचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणजे 'लॉस्ट'. एबीसी या अमेरिकी वाहिनीवर 22 सप्टेंबर 2004 रोजी ही मालिका सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर 23 मे 2010 रोजी संपली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अनोळखी बेटावर कोसळते आणि वाचलेले प्रवासी तिथे अडकतात, इथून गोष्ट सुरू होते. बेटावर जंगल आहे, त्यात धुराचा एक राक्षस आहे, उष्ण प्रदेशात कुठून आले कळत नाही असे पांढरे अस्वल आहे, झाडीतून येणारी कुजबुज आहे आणि 4, 8, 15, 16, 23, 42 हे पुन्हा पुन्हा समोर येणारे आकडे आहेत. दर आठवड्याला एक कोडे सुटायचे आणि दोन नवी पडायची. सहा वर्षे लोकांनी ती मनात साठवली, त्यांवर वाद घातले, तर्क लढवले. शेवटचा भाग झाल्यावर निम्मे डोळे पुसत उठले आणि निम्मे फसवले गेल्याच्या रागात.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'लॉस्ट'ने सगळीच उत्तरे दडवली, हे खरे नाही. जंगलातली कुजबुज कोणाची, हे सहाव्या पर्वात एका पात्राच्या तोंडून सरळ सांगून टाकले आहे: बेट सोडून जाऊ न शकलेल्या मृतांची. धुराच्या राक्षसाचा जन्म कसा झाला, यासाठी तर शेवटाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी एक अख्खा भाग खर्ची घातला. त्या उत्तरांनी कोणाचे समाधान झाले? कुजबुजीचे उत्तर लोकांनी ऐकले आणि सोडून दिले. राक्षसाच्या जन्मकथेचा भाग तर मालिकेच्या चाहत्यांनाही अनेकदा पचला नाही. म्हणजे ज्या उत्तरांसाठी माणसे सहा वर्षे अडून बसली होती, ती हातात पडल्यावर त्यांना नकोशी झाली. यावरून प्रेक्षक चंचल असतो असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चूक आहे. प्रेक्षकाला माहितीची भूक नव्हतीच. आपण ज्या प्रश्नाला इतके दिवस जपले तो प्रश्न जपण्याजोगा होता, एवढी खात्री त्याला हवी होती.

म्हणून माझे म्हणणे असे की रहस्यमालिकेच्या पर्वाचा शेवट हा उत्तर देण्यासाठी नसतो. त्याचे काम प्रश्न बदलण्याचे आहे. जो शेवट जुनाच प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलतो, तो उधारी वाढवतो. जो शेवट जुना प्रश्न लहान करून त्याच्या जागी अधिक खोल प्रश्न ठेवतो, तो मागचे खाते चुकते करून नवे उघडतो.

'लॉस्ट'मध्येच दोन्ही नमुने आहेत. पहिल्या पर्वात जंगलात जमिनीत पुरलेले एक पोलादी झाकण सापडते. आत काय असेल या एका प्रश्नावर अर्धे पर्व चालते. मे 2005 मधल्या शेवटच्या भागात सुरुंग लावून ते झाकण उडवतात, दोन माणसे वाकून आत पाहतात, कॅमेरा खोल खोल जातो आणि पर्व संपते. आत काय आहे ते कळायला सप्टेंबर उजाडावा लागला. हा शुद्ध उधारीचा शेवट.

याउलट तिसऱ्या पर्वाचा शेवट, 23 मे 2007 चा. या मालिकेत दर भागात एखाद्या पात्राचा बेटावर येण्यापूर्वीचा भूतकाळ दाखवायची रीत होती. त्या दिवशीही नायक डॉक्टर जॅक दाढी वाढलेला, नशेत बुडालेला, जीव द्यायला निघालेला दिसतो. त्याच्या आयुष्यातला एखादा जुना पडता काळ असेल, असे समजून आपण पाहत राहतो. शेवटच्या प्रसंगात विमानतळाजवळ त्याला भेटायला केट येते, जी त्याला बेटावरच पहिल्यांदा भेटली होती. आपण पाहत होतो तो भूतकाळ नव्हता, भविष्य होते, हे त्या क्षणी लख्ख होते. ही माणसे सुटणार आहेत, आणि सुटलेला जॅक परत बेटावर जाण्यासाठी तळमळणार आहे. तीन वर्षे पडलेला 'सुटतील का?' हा प्रश्न एका प्रसंगात निकालात निघाला आणि त्याच्या जागी 'सुटून काय मिळवलं?' हा प्रश्न उभा राहिला. मोठे रहस्य निर्मात्यांनी स्वतःहून फोडले आणि तरी ओढ वाढली. माझ्या मते मालिकेच्या सहा वर्षांतला हा सर्वांत प्रामाणिक शेवट.

शेवट आधी सांगून टाकला तर गोष्टीतला जीव जातो, या समजुतीला माझ्यासारख्या सांगोला तालुक्यातल्या माणसाने तरी भुलू नये. याच तालुक्यातल्या नाझरे गावी श्रीधरस्वामींचा जन्म झाला. त्यांनी 1702 मध्ये 'हरिविजय', 1703 मध्ये 'रामविजय', 1712 मध्ये 'पांडवप्रताप' आणि 1718 मध्ये 'शिवलीलामृत' पुरे केले. अनुक्रमे 36, 40, 64 आणि 14 अध्याय. मराठी मुलखातली गावेच्या गावे या कथा भागाभागाने ऐकत आली. चातुर्मासात देवळात पोथी लागायची, एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि दिवसभराची कामे उरकून आलेली माणसे, बाया-पोरांसह, रोजचा अध्याय ऐकून घरी जायची. मराठीतली सर्वांत दीर्घकाळ चाललेली मालिका कोणती, असे कोणी विचारले तर मी श्रीधरांच्या या चार ग्रंथांकडे बोट दाखवीन.

या श्रोत्यांना शेवट ठाऊक नव्हता का? रावण मरणार, पांडव जिंकणार, हे पाळण्यातल्या पोराच्या कानावरून गेलेले असते. तरीही अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की बायकांचे पदर डोळ्यांना लागत, आणि इंद्रजित पडल्यावर सुलोचनेच्या विलापाला तर शत्रुपक्षाची सून म्हणून कोणी कोरडे राहत नसे. 'शिवलीलामृता'तल्या व्याधाची गोष्ट घ्या. बेलाच्या झाडावर बसलेला व्याध बाण लावतो, हरिणी पाडसांचा निरोप घेऊन परत येण्याचा शब्द देते, तो तिला जाऊ देतो. ती परत येणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तरी त्या रात्रीच्या प्रहरांगणिक श्रोत्याचा श्वास अडकतो, कारण प्रश्न 'येईल का?' हा उरलेलाच नसतो. मरायला परत येणारे जनावर आणि त्याला सोडणारा शिकारी, यांच्यात रात्रभरात काय बदलते, हा तिथला प्रश्न आहे. जे टेलिव्हिजनच्या लेखकांना 2007 मध्ये सापडले, ते श्रीधरांना अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाताशी होते.

कोणी म्हणेल, पोथीमागे श्रद्धा असते, तिची तुलना करमणुकीशी कशी करायची? ठीक आहे, मग करमणुकीतलेच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2016 मध्ये झी मराठीवर रात्री साडेदहाला 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, मालवणी बोलणारे नाईक कुटुंब आणि घरचे कर्ते अण्णा यांच्या मृत्यूपासून सुरू होणारी उलथापालथ. विधींसाठी जमलेली मुले, सुना, लेक त्या वाड्यात अडकून पडतात. समुद्र जवळ असला तरी हे बेट नव्हते, पण बाहेर पडता न येणारी माणसे, एकमेकांवरचा संशय आणि कोण जाणे कुठून येणाऱ्या खुणा, हा सगळा ऐवज 'लॉस्ट'च्या जातकुळीचाच. हे सगळे करतोय कोण, या एका प्रश्नावर ते पर्व ऑक्टोबरपर्यंत चालले.

मग जानेवारी 2019 मध्ये दुसरे पर्व आले आणि लेखकांनी गोष्ट पुढे नेण्याऐवजी मागे नेली. अण्णा जिवंत असतानाचा काळ दाखवला. म्हणजे अण्णांचे काय होणार, हे पहिल्याच दिवशी सगळ्या प्रेक्षकांना ठाऊक होते. रूढ समजुतीप्रमाणे हे पर्व पडायला हवे होते. झाले उलटे. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोचली, कोकणच काय, मालवणी कधी कानावर न पडलेल्या घाटावरच्या गावांतही लोक अण्णांच्या लकबीत बोलू लागले. पहिल्या पर्वाने विचारले होते, 'कोणी केलं?' दुसऱ्याने विचारले, 'हा माणूस असा का होता, आणि त्याच्या भोवतीच्या बायका त्याला सहन का करत होत्या?' पहिल्या प्रश्नाला एक नाव पुरते, आणि ते नाव कळले की प्रश्न संपतो. दुसऱ्याला नाव पुरत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गोष्टीत प्रवास महत्त्वाचा, मुक्काम नव्हे. मग शेवटाचा एवढा काथ्याकूट कशाला? 'लॉस्ट'च्या शेवटाची बाजू घेणारे हेच म्हणतात. माझे उत्तर असे की हा बचाव ज्यांनी मुक्काम कबूल केलेला नाही त्यांनाच शोभतो. आमच्या माणदेशाचीच साक्ष काढतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि धनगरांची ती वाडी पांगते. एकही पेच सुटत नाही, कोणाचा निकाल लागत नाही, वाडीच्या मास्तरने उभे केलेले सगळे वाऱ्यावर जाते. आजवर कोणा वाचकाने माडगूळकरांकडे उत्तर मागितल्याचे ऐकिवात नाही. कारण त्या पुस्तकाने कुठलेही कोडे घातले नव्हते. या मातीत माणसे कशी जगतात एवढेच दाखवायचे त्याने ठरवले होते, आणि पाऊस न पडलेल्या वर्षी इथली माणसे अशीच जगतात. उघडा सोडलेला शेवट आणि बुडवलेला शब्द यांत हा फरक आहे. दर भागाच्या अखेरीला 'पुढे कळेल' म्हणून प्रेक्षकाला थांबवायचे आणि हिशेबाच्या दिवशी प्रवासाचे गोडवे गायचे, याला शब्द फिरवणे म्हणतात.

दुसरा आक्षेप नेहमीचा: लेखकांना शेवट आधी माहीतच नव्हता, ते जाता जाता रचत गेले. असेल. पण त्यात गुन्हा काय? हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः छापत गेले. अंक दर आठवड्याला निघायचाच. अशा लेखनात प्रत्येक वळण आधी आखलेले असते असे नाही. तरी त्यातल्या यमूची कहाणी आजही टिकून आहे, कारण प्रत्येक प्रकरण यमूशी बांधलेले आहे. आराखडा नसला तरी चालतो, पात्राशी इमान लागते. 'लॉस्ट'मधले कोणते धागे लोकांनी विनातक्रार स्वीकारले ते पाहा. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी बुडणाऱ्या खोलीत अडकलेला चार्ली मरताना तळहातावर तीन शब्द लिहून काचेपलीकडच्या मित्राला एका जहाजाविषयी सावध करतो. ते जहाज कोणाचे, हे कोडे आता किती जणांच्या ध्यानात आहे? तो तळहात मात्र पाहणारा विसरत नाही. कोड्याचे उत्तर तिथे एका माणसाच्या मरणाशी जोडले होते.

भुताखेतांच्या रहस्याला आणखी एक जबाबदारी असते, आणि महाराष्ट्रात ती जास्तच आहे. शेवटी सांगावेच लागते: हे माणसाचे कारस्थान होते की खरोखर अमानवी काही? 'लॉस्ट'च्या दुसऱ्या पर्वात त्या पोलादी झाकणाखालच्या कोठीत दर 108 मिनिटांनी एक कळ दाबावी लागते, नाहीतर जग बुडेल असे सांगितलेले असते. वरच्या सहा आकड्यांची बेरीजही 108च. कळ दाबणे ही श्रद्धा की खुळेपणा, यावर पात्रे वर्षभर भांडतात. शेवटच्या भागात कळ न दाबता वेळ संपू देतात आणि उत्तर मिळते: धोका खरा होता. ते उत्तर पटो न पटो, मालिकेने एक बाजू घेतली. आमच्याकडे मालिका बहुधा दोन्ही दगडांवर पाय ठेवते. विवेकी प्रेक्षकाला वाटावे माणसाचा हात आहे, भाविकाला वाटावे भूत आहे, आणि दोघांनीही टीव्ही चालू ठेवावा. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा गुळमुळीतपणा निव्वळ कलेचा दोष राहत नाही. भूत दाखवायला माझी हरकत नाही. पण दाखवायचे तर ते गोष्टीतले भूत आहे, हे ठामपणे दाखवावे, आणि माणसाचा डाव असेल तर तो शेवटी उघडा पाडावा.

आता सर्वांत कळीचा मुद्दा: संपवण्याची तारीख. मे 2007 मध्ये एबीसीने जाहीर केले की 'लॉस्ट' आणखी तीन पर्वे, एकूण 48 भाग चालेल आणि 2010 मध्ये संपेल. मालिका भरात असताना तिचा शेवट तीन वर्षे आधी ठरवणे हे अमेरिकी टीव्हीवर अपूर्व होते. पुढे लेखकांच्या संपामुळे चौथे पर्व 14 भागांवर आटोपले, पण तारीख हलली नाही. अंतर माहीत झाल्यामुळे लेखकांना पाणी घालायची गरज उरली नाही. जे भविष्य त्या मेमध्ये दाखवले, तिथपर्यंत गोष्ट त्यांना पोचवावीच लागली.

मराठी मालिकांच्या जगात नेमके हेच नाही. दूरदर्शनच्या काळात 13 भागांची मालिका हा सर्रास साचा होता, तेरा आठवड्यांत गोष्ट सांगून मोकळे व्हावे लागे. खासगी वाहिन्यांवर रोजची मालिका आली आणि शेवट टीआरपीच्या हातात गेला. 'चार दिवस सासूचे' नाव घेऊन आलेली मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. आकडे चांगले तोवर गोष्ट संपत नाही, आकडे पडले की महिनाभरात गुंडाळतात. पर्वाच्या शेवटाऐवजी आपल्याकडे रविवारचा महाएपिसोड असतो, ज्यात सगळे घडल्यासारखे दिसते आणि सोमवारी जैसे थे. कौटुंबिक मालिकेला हे चालून जाते, कारण तिथे सवय विकली जाते. रहस्याला ते मारक आहे. किती अंतर कापायचे हे माहीत नसलेला लेखक पेरणी करू शकत नाही, आणि पेरलेलेच नाही ते शेवटी उगवणार कुठून?

सांगोलकरांनी तर तारीख ठरलेले आणि न ठरलेले, अशी दोन्ही नाट्ये घरच्या पात्रासह पाहिली. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसले, कोण परतणार आणि सरकारचे काय होणार यावर राज्य दिवसरात्र टीव्हीला चिकटले. त्याच वेळी सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे कार्यकर्त्याशी झालेले फोनवरचे बोलणे बाहेर आले आणि तिथली झाडी, डोंगर, हॉटेल यांचे त्यांनी केलेले कौतुक राज्यभर गाजले. त्या नाट्याचा शेवट कधी, हे वाहिन्यांनाही ठाऊक नव्हते, म्हणून क्षणाक्षणाला नवे कोडे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीची मात्र तारीख ठरलेली होती. मतदारांनी शेकापचे बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिले आणि विषय संपवला. कोणाचे जिंकणे योग्य, हा इथला मुद्दा नाही. मुदत ठरलेली असली की निकाल लागतो, एवढेच.

मग 'लॉस्ट'चा अखेरचा शेवट जमला की फसला? त्यात मरणोत्तर अवस्थेत सगळी पात्रे एका प्रार्थनास्थळात भेटतात आणि एकत्र निरोप घेतात. श्रेयनामावलीसोबत वाहिनीने विमानाच्या अवशेषांची दृश्ये जोडली, त्यामुळे ही माणसे पहिल्या दिवशीच मेली होती असा गैरसमज पसरला. प्रत्यक्षात बेटावर घडले ते सारे खरे होते, असे त्या भागात स्पष्ट सांगितले आहे. माझा निकाल असा: पात्रांचे खाते या शेवटाने व्याजासह चुकते केले. बेटाचे खाते बुडवले. ज्यांनी माणसांसाठी मालिका पाहिली ते भरल्या मनाने उठले, ज्यांना कोड्यांचा शब्द दिला होता ते रिकाम्या हाताने. रागावलेले प्रेक्षक चुकले नव्हते, तेही देणेकऱ्याकडे आपले येणेच मागत होते.

यातून मराठी वाहिन्यांनी आणि ओटीटीवाल्यांनी एक साधा नियम उचलावा. रहस्यमालिका सुरू करतानाच भागांची संख्या जाहीर करा: साठ, शंभर, दीडशे, जी परवडेल ती. टीआरपी चढला तरी वाढवू नका, उतरला तरी गोष्ट अर्ध्यावर कापू नका. हवे तर दुसरे पर्व आणा, पण नवा प्रश्न घेऊन. आणि प्रेक्षकांनीही 'पुढे काय होणार' एवढ्यावर स्वतःला विकू नये. सहा महिन्यांनंतरही मालिका तोच जुना प्रश्न विचारत असेल, तर रिमोट आपल्याच हातात आहे. तो वापरावा.